गच्चीवरच्या उन्हाचं भाडं

मला राग येत नाही असं आमच्याकडे सगळे समजतात. राग येतो. पण तो तोंडापर्यंत येईतो समोरचं माणूस उठून गेलेलं असतं. मग मी भांडी घासते. तांबरमच्या घरातला राग इतकी भांडी घासूनही गेला नाही, म्हणून लिहून काढते आहे. कुणाला वाचायला द्यायचं नाही.

आम्ही बार्शीकडचे. यांची नोकरी रेल्वेच्या कारशेडमध्ये. क्वार्टरचा नंबर लागत नव्हता म्हणून चेन्नईजवळ तांबरमला भाड्याने राहिलो. खाली तीन पोर्शन, वर सगळा मजला घरमालकाचा, आणि त्याच्या वर गच्ची. चेन्नईत घराच्या एका भागाला पोर्शन म्हणतात. आमचा पोर्शन म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. मधल्या पोर्शनमध्ये इडलीचं पीठ विकणारी एक अक्का होती. सकाळी सहाला तिचा ग्राइंडर सुरू व्हायचा तो शेजारणी पातेली घेऊन येईपर्यंत. पुढच्या पोर्शनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तंजावरला राहिलेल्या मराठी घरातल्या आजी आणि त्यांचा मुलगा. मुलगा बँकेत. आजींचं मराठी जुनं, मधेच तमिळ शब्दांचं, आणि सूर सगळा तमिळ. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. पण परक्या गावात आपल्या भाषेतलं कुणी "ये मा, बैस" म्हणालं की डोळे भरतात. माझे भरले होते.

घर घेताना दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स द्यावं लागलं. तिकडे तशीच रीत आहे. हा अ‍ॅडव्हान्स घरमालकाकडे असतो, आणि तो असतो तोवर भाडेकरूची मान त्याच्या हातात असते. हे मला नंतर कळलं.

विजेला तिकडे सगळे करंट म्हणतात. करंटचा खरा मीटर एकच, घरमालकाच्या नावाचा. खाली आम्हा तिघांना त्याने आपले छोटे मीटर बसवून दिले होते. सरकारचा दर असा होता की थोडं वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग. चांगला नियम आहे. पण वरच्या मजल्यावर दोन एसी, दोन गीझर. त्यांच्यामुळे सगळं बिल महागाच्या दरात जायचं आणि तो महागाचा दर आमच्या दोन दिव्यांना आणि एका पंख्याला लागायचा. गरिबासाठी केलेला स्वस्त दर वरच्या मजल्यावरच संपायचा. खाली उतरतच नव्हता. यांना म्हटलं तर म्हणाले, "सगळ्या चेन्नईत असंच आहे." सगळ्या चेन्नईत असेल तर ते बरोबर होतं का?

माझं स्वतःचं एक काम होतं. कुरडया, सांडगे, पापड, सांडगी मिरची. तिकडे आलेल्या मराठी घरांना हे मिळत नसे. बँकेतले, रेल्वेतले, आवडी नावाच्या गावातल्या फॅक्टरीतले लोक निरोप पाठवायचे आणि मी करून द्यायचे. बोलावं लागत नाही असं हे काम आहे. गहू भिजवा, चीक काढा, शिजवा, सोऱ्याने घाला, वाळवा, बांधून द्या. त्याला लागतं फक्त ऊन, आणि ते गच्चीवर फुकट होतं. संध्याकाळी समुद्राकडून ओलसर वारा सुटायच्या आत सगळं उचलून आणायचं, एवढंच. आजी तिथेच तांदळाची वडामं, म्हणजे आपल्या फेण्यांसारखी, घालायच्या, अक्का लुगडी वाळत टाकायची. सगळ्या खालच्या बायकांचा संसार थोडा थोडा गच्चीवर होता.

साल दोन हजार आठ-नऊ असावं. चेन्नईतही रोज करंट जायला लागला होता. सगळीकडे तेच बोलणं, जुने पिवळे दिवे काढा, पांढरे लावा, करंट वाचवा, सूर्यावर चला. घरमालकाने गच्चीवर सोलार हीटर बसवला. काचेच्या काळ्या नळ्यांची रांग आणि वर मोठं पांढरं पिंप. दक्षिणेकडची अर्धी गच्ची त्याने खाल्ली. तीच उन्हाची बाजू.

शुक्रवारी त्याची पूजा होती. तिकडे नवीन गाडी आली, मशीन आलं, की पूजा करतात. पिंपाला चंदन-कुंकू, नळ्यांना फुलांची माळ, नारळ फोडला. वरच्या मामी, म्हणजे घरमालकीण, खाली येऊन आम्हा तिघींना हाताला धरून वर घेऊन गेल्या. हरभऱ्याची उसळ असते तसं सुंडल दिलं, कुंकू लावलं, आणि ताटात पानं, सुपारी, केळं, हळकुंड घालून प्रत्येकीच्या हातात तांबूल दिलं. घरमालक शेजारीच उभे होते. म्हणाले, "सगळ्यांच्या घरी गरम पाणी आलं, सगळ्यांचं चांगलं होऊ दे." मी दोन्ही हातांनी पदर पसरून तांबूल घेतलं. आपल्याकडचं हळदीकुंकू तसंच हे, असं मला वाटलं. खाली येऊन यांना सांगितलंसुद्धा, माणसं चांगली आहेत.

पुढच्या भाड्याच्या वेळी घरमालक खाली आले आणि अंगणात खुर्ची टाकून बसले. हीटरच्या खर्चाचे चार वाटे, दर महिन्याला भाड्यात थोडे थोडे.

अक्का दारातूनच म्हणाली, "कसले चार वाटे?"

"चार घरं, चार वाटे. सगळ्यांना सारखं. वरचं-खालचं असा भेद मी करत नाही."

"आम्ही कधी हो म्हटलं?"

"तांबूल घेतलं ना सगळ्यांनी? पूजेला उभं राहून, देवासमोर?" घरमालक जरा हसले. "तुमच्यात त्याला किंमत नसेल तर सांगा."

मी आजींकडे पाहिलं. त्या हळूच मला म्हणाल्या, "होय मा. हात पसरून तांबूल घेतलं म्हणजे शब्द दिला. लग्न ठरवताना असंच करतात. पण विचारून देतात गं! कशाचं ते सांगून देतात. ह्याने सुंडल चारून घेतला शब्द."

आपल्याकडेही सुपारी फुटली की सोयरीक पक्की होते. पण तिथे मुलीचा बाप काय ठरतंय ते ऐकत बसलेला असतो. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला केळं दिलं होतं.

घरमालक मग समजावणीच्या सुरात बोलू लागले. "करंट रोज जातो की नाही? कोळसा काय जन्मभर पुरणार आहे? आता सूर्यावरच चालायचं. नवीन काळ येतोय. त्याचा बोजा एकट्या माणसाने का उचलायचा? सगळ्यांनी मिळून उचलायचा."

"आमच्या न्हाणीत नळ कधी येणार?" अक्काने विचारलं.

"खाली पाइप टाकायचा तर भिंत फोडावी लागते. आणि खाली येईपर्यंत पाणी गार होतं. त्यात काही अर्थ नाही."

"बरं झालं," अक्का म्हणाली. "मग मीही माझ्या ग्राइंडरचे चार वाटे करते. पैसे सगळ्यांनी द्या, दगड मामींच्या दारात ठेवू, पीठ माझं."

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. सूर्यावर पाणी तापवायला माझी ना नव्हती. माझं सगळं काम सूर्यावरच चालत होतं, घरमालकाला तो सुचायच्या कितीतरी आधीपासून. बोजा सगळ्यांनी उचलावा हेही मला पटतं. पण गीझर बंद झाले ते त्यांचे, बिल उतरलं ते त्यांचं, आणि वाटा आमचा? दोन एसी लावणाऱ्याचा आणि एका पंख्यावर भागवणाऱ्याचा वाटा सारखा, याला सारखं म्हणायचं? एका पंगतीत जेवलेल्याला आणि उपाशी उठलेल्याला सारखीच वर्गणी?

हे सगळं मनात.

रात्रीच्या जेवणाला बसले तेव्हा हे म्हणाले, "वाटा देऊन टाकला मी. अ‍ॅडव्हान्स त्याच्याकडे अडकलाय. तू गप्प बस."

मी गप्पच होते. गप्प असलेल्या बाईला गप्प बस म्हणण्यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही.

सुरुवात आजींनी केली. एका सकाळी त्या पितळी घागर घेऊन जिना चढू लागल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एका एका पायरीवर थांबत होत्या. मी धावले. "आजी, कशाला?"

"पैसे दिले. पाणी नको? गच्चीवर पिंपाला खाली तोटी आहे, मी पाहिलीय."

"पण उन्हाळा आलाय. गरम पाणी काय करायचं?"

"ते माझं मी बघते. माझं पाणी आहे, मी रस्त्यावर ओतेन."

मी त्यांच्या हातातली घागर घेतली आणि भरून आणली. मग माझी बादली भरली. मग अक्का आली, दोन कळशा घेऊन. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उजाडलं की आम्ही तिघी गच्चीवर. खरं सांगायचं तर त्या पाण्याचा आम्हाला फार उपयोग नव्हता. ते बोअरचं पाणी, खारं. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. आणि चेन्नईत होळीनंतर दुपारी साध्या नळालाच हात भाजणारं पाणी येतं. पण आम्ही शोधून शोधून कामं काढली. अक्का पिठाची चिकट पातेली त्यात धुवायची. आजी गुडघे शेकायच्या. मी गोधड्या उकळत्या पाण्यात भिजवल्या, तेलकट डबे घासले, पडदे धुतले. आमचं घर इतकं स्वच्छ कधी नव्हतं.

घरमालक साडेसातला अंघोळीला जायचे. त्यांच्या नळाला थंड पाणी यायला लागलं. पिंपात आत करंटची कॉइल होती, ढगाळ दिवसासाठी, ती त्यांना रोज लावावी लागली. तिचं बिल वरच्याच मजल्याचं. अक्का खालून मोठ्याने विचारायची, "मामी, आज सूर्य नाही का उगवला तुमच्याकडे?"

चार-सहा दिवसांत गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. घरमालक म्हणाले, "काचेच्या नळ्या आहेत. तुमच्या बादल्यांचा धक्का लागून फुटल्या तर खर्च कोण देणार?"

अक्काने कपडे बोळात वाळत टाकले. आजी म्हणाल्या, यंदा वडामं नाहीत, विकतची आणू. त्यांचं भागलं. माझं भागण्यासारखं नव्हतं. माझा गहू भिजत होता.

कुरडयांच्या गव्हाचं असं असतं की एकदा पाण्यात घातला की तो तुमचं ऐकत नाही. रोज पाणी बदलायचं, तीन दिवसांनी वाटायचा, चीक काढून निवळू द्यायचा, आणि मग शिजवून त्याच दिवशी उन्हात घालायचाच. थांबवता येत नाही. उन्हाळ्यात तर एक दिवस उशीर झाला की आंबट वास सुटतो आणि सगळं फेकावं लागतं. आणि तो गहू थोडाथोडका नव्हता. वर्षातली सगळ्यात मोठी मागणी त्याच महिन्यात असायची. त्या पैशांतून मी माहेरी जाण्याचं तिकीट काढायचे, यांच्यापुढे हात न पसरता. माझ्या आयुष्यात मी कुणाला न विचारता करायची अशी ती एकच गोष्ट होती.

बोळात ऊन येत नव्हतं. अंगणात यायचं ते अशोकाच्या झाडांतून, ठिपक्याठिपक्यांनी. मी यांना म्हटलं, "किल्ली मागा." हे म्हणाले, "बादल्या घेऊन जाताना मला विचारलं होतंस?"

गहू वाटून झाला. चीक भांड्यात निवळत ठेवला. झाकण काढलं की वास बघायचे. दुपारी मागच्या दाराशी मामी आल्या. हातात किल्ली होती.

"तू शांत बाई आहेस," त्या म्हणाल्या. तमिळ हळूहळू बोलत होत्या, मला समजावं म्हणून. "त्या दोघींसारखी नाहीस. तुझ्यासाठी मी मामांशी भांडले. ही किल्ली ठेव. तुझा वाटाही पुढच्या महिन्यापासून नको. तू वर जा, तुझं काम कर, आणि कुलूप लाव. त्या दोघींना सांगायचं नाही. सांगायची गरज काय? तू तशीही कुठे बोलतेस?"

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. खरंच मायेने लावला असेल. मी किल्ली घेतली. थँक्यूसुद्धा म्हटलं.

त्या गेल्या आणि माझं डोकं तापायला लागलं. मी बोलत नाही म्हणजे मी विकत मिळते, असा त्यांनी हिशेब केला होता. आणि माझा वाटा माफ झाला तर तो कुठे जाणार होता? हीटर तर तितक्याच किमतीचा. माझा वाटा अक्काच्या पिठावर आणि आजींच्या मुलाच्या पगारावर बसणार. शांत बाईला सूट आणि बोलणाऱ्या बाईला दंड. वरच्या मजल्याला काहीच नाही.

सकाळी चीक शिजवला. हाताला हिसके बसत होते, इतका छान घट्ट झाला होता. वास गोड होता अजून. पातेलं फडक्यात धरून मी जिन्याकडे निघाले. बोळात अक्का लुगडं पिळत होती. पाणी तिच्या दाराशी ठेवलेल्या गॅसच्या सिलिंडरवर ठिबकत होतं. तिने माझ्या कमरेला खोचलेली किल्ली पाहिली. फक्त बाजूला सरून मला वाट दिली.

मला ते सहन झालं नाही. मी पहिल्या पायरीवर उभी राहून ओरडले, "अक्का, वर या! आजी, वर या! गच्ची उघडली!"

माझा एवढा आवाज मी स्वतः ऐकला नव्हता. आजी दार उघडून म्हणाल्या, "कोण ओरडलं गं? तू?"

आम्ही वर गेलो. मी पिंपाच्या अलीकडे, नळ्यांची सावली पडत नव्हती तेवढ्या जागेत जुनं धोतर पसरलं आणि कुरडया घालायला लागले. अक्काने लुगडी टाकली. आजींनी सोऱ्यात चीक भरून द्यायला सुरुवात केली. अर्धं धोतर भरलं असेल, तेव्हा घरमालक वर आले. कमरेला लुंगीसारखी वेष्टी, उघडं अंग, खांद्यावर पंचा. अंघोळीचीच वेळ होती. मागे मामी.

"किल्ली कुणी दिली?"

मामींचं तोंड उतरलं. मामांशी भांडून किल्ली आणली म्हणाल्या होत्या, पण त्यांना न विचारताच आणली होती हे तेव्हा कळलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता येत नाही.

"विचारतोय मी. कुणाची परवानगी?"

माझे दोन्ही हात चिकाने भरलेले. तोंड पुसायलाही येईना. मला तमिळ समजायचं, पण बोलता यायचं ते मोडकंतोडकं, भाजीवाल्यापुरतं. त्यातच बोलले.

"सार, पाणी तुमचं. घ्या. आम्हाला नको. ऊन तुमचं नाही."

"आणि हीटरचे पैसे?"

"ज्या घरात नळ, त्या घराचे पैसे. नळ दोन. दोन्ही तुमच्या घरात."

"हे तुला कुणी शिकवलं? हिने?" त्यांनी अक्काकडे बोट केलं.

"माझी शिकवणीची फी परवडत नाही हिला," अक्का म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याशी बोलतो मी."

"बोला," मी म्हटलं. "पण ते गार पाण्याने अंघोळ करतात. त्यांचा वाटा होत नाही."

आजी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला सोऱ्या घरंगळला. घरमालक तांबडेलाल झाले. आमच्या कुरडयांवर पाय देऊन पिंपापर्यंत जावं लागलं असतं. त्यांनी पाय उचलला. मी हललेच नाही. बसल्या जागेवरून त्यांच्याकडे वर बघत राहिले. त्यांनी पाय मागे घेतला आणि खाली गेले. मामीही गेल्या. कुलूप माझ्याकडे होतं, ते मी परत दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

कुरडया त्या दिवशी कडकडीत वाळल्या.

पुढच्या महिन्यापासून हीटरचे पैसे बंद झाले. तिघींचेही. दोन महिन्यांनी तिन्ही पोर्शनचं भाडं वाढलं. किती, ते सांगायला नकोच, कुणीही ओळखेल. हे म्हणाले, "काय मिळवलंस?" मी म्हटलं, "गच्ची." त्यांनी ते थट्टेवारी नेलं.

त्या गच्चीवर मी आणखी दोन उन्हाळे कुरडया घातल्या. क्वार्टर मिळाल्यावर घर सोडलं, तेव्हा अ‍ॅडव्हान्समधून पैसे कापलेले होते. घरमालक म्हणाले, हीटरची झीज. खाऱ्या पाण्याने नळ्यांत पांढरे थर बसले होते आणि त्याचे वाटे पुन्हा चार. हे सही करत होते. मी शेजारी उभी होते आणि या वेळी मी बोलले, पण सही झाली होती.

गल्लीत त्या घराचं अजून कौतुक आहे म्हणतात. पहिला सोलार त्यांच्याकडे आला. कुणी नवीन भाडेकरू आला की घरमालक त्याला गच्चीवर नेऊन दाखवतात. दाखवू देत. माझं म्हणणं एवढंच आहे की दाखवताना त्यांनी पैसे कुणी दिले तेही सांगावं.